नकार तोंडी घेऊ नका

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातले. थोडी केळी, बाकी कापूस. माझी धाकटी बहीण २४ वर्षांची आहे, तिला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून दोनदा तिला जळगावला डायलिसिसला नेतो. मशीनवर चार तास गुपचूप बसते. पाणी कमी प्यायचं सांगितलंय तर तिचा एक छोटा पेला आहे, उन्हाळ्यातही त्यानेच मोजून पिते, आम्ही जास्त दिलं तर परत करते. आईचं वय ४८, रक्तगट जुळतो, ती किडनी द्यायला तयार आहे. एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी बहिणीला दोन प्रश्न विचारले. ती लाजली, बोलली नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अशा पेशंटचं आम्ही करत नाही. आयुष्यभर गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, हिला काय कळणार? आईची किडनी वाया जाईल." केसपेपरवर 'प्रत्यारोपणास योग्य नाही' एवढंच लिहिलं. तपासणी काही केली नाही. आई रोज म्हणते, "मी मनी पोरले किडनी देसू, डॉक्टरनं काय जास?" ताई, बहीण अशी आहे म्हणून ते नाही म्हणू शकतात का?
— एक भाऊ, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, 'अशी आहे' एवढ्याच कारणावर नाही म्हणू शकत नाहीत. तिच्या शरीराला ऑपरेशन किंवा नंतरची औषधं झेपणार नाहीत, या कारणावर म्हणू शकतात. तुमच्याकडे यातलं काय झालं ते तुम्ही पाठवलेल्या केसपेपरवरून कळत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आधी कायदा कुठे आहे आणि कुठे नाही ते सांगते, म्हणजे कोर्टाच्या आवारात कुणी भलतं आश्वासन देऊन तुमच्याकडून पैसे काढणार नाही. दिव्यांग व्यक्तीला प्रत्यारोपण नाकारू नये असं थेट म्हणणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा अवयव कोणी द्यावा, कोणी देऊ नये, विकणाऱ्या-घेणाऱ्याला शिक्षा काय, हे सगळं सांगतो. घेणारा रुग्ण दिव्यांग असला तर काय, यावर तो गप्प आहे. तुमच्या कामाचा आहे तो २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत बौद्धिक दिव्यांगत्व आहे. कलम ३ सांगतं की दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही. अपवाद एकच : एखादं रास्त उद्दिष्ट होतं आणि त्यासाठी एवढं करणं प्रमाणात होतं, असं दाखवता आलं तर. ते दाखवायचं ओझं नाही म्हणणाऱ्यावर आहे, तुमच्या आईवर नाही.

याच कायद्यात 'वाजवी सोय' नावाची गोष्ट आहे. माणसाला त्याच्या गरजेनुसार, समोरच्याला न झेपणारा भार न टाकता, करून द्यायचा बदल म्हणजे वाजवी सोय, आणि ती नाकारणं हाही भेदभावच. माझ्या डाव्या पायात कॅलिपर आहे. एकदा वरच्या मजल्यावरचं माझं प्रकरण न्यायाधीशांनी खाली तळमजल्यावर चालवलं. कायदा तोच राहिला, समोरचा वकील तितकाच तिखट राहिला, फक्त मधला जिना गेला. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात हेच सांगितलं आहे की कोणाला काय सोय लागेल हे त्या त्या माणसाकडे पाहून ठरवायचं. प्रकरण परीक्षेत लेखनिक मिळण्याचं होतं, पण तत्त्व रुग्णालयाच्या दारातही तेच.

आता डॉक्टरांच्या बाजूनं बघू, कारण त्यांची बाजू नसतेच असं नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. उद्या टू-डी इकोत तिचं हृदय भूल सहन करणार नाही असं निघालं, तर तो नकार वैद्यकीय आहे आणि त्याच्याशी मी भांडणार नाही, तुम्हीही भांडू नका. पण इको न करता, रक्त न तपासता, लाजून गप्प बसलेल्या पोरीकडे बघून दिलेला नकार वैद्यकीय कसा म्हणायचा?

गोळ्यांचा मुद्दा मात्र खराच आहे. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं घड्याळ लावून घ्यावी लागतात, रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते, हयगय झाली तर किडनी जाते. पण गोळ्या तिनं एकटीनंच सांभाळाव्यात असं कुठे आहे? सहा वर्षांच्या मुलाचं प्रत्यारोपण होतं तेव्हा त्या पोराला टॅक्रोलिमस कळतं का? घरचे देतात. आणि जी मुलगी जळगावच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, स्वतःच्या पेल्यानं मोजून पाणी पिते, तिला पथ्य पाळता येत नाही असं कोण म्हणेल? हा पेला तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. डॉक्टरांना सांगितलात का? डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टरकडून दोन ओळी लिहून घ्या : किती महिने येते, किती वेळा चुकली, मशीनवर कशी बसते, दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढतं. माझ्या युक्तिवादापेक्षा त्या दोन ओळी जास्त काम करतील.

एक गोष्ट तुमच्या पत्रात सुटली आहे आणि चांगला डॉक्टर ती विचारणारच. गोळ्या कोण देणार, तर आई, असं तुम्ही गृहीत धरलंय. पण किडनीही आईच देणार. म्हणजे ऑपरेशननंतर दोघी एकाच वेळी अंथरुणात. तेव्हा घरातलं दुसरं माणूस ठरवा. तुम्ही, वहिनी, मावशी, कोणी का असेना. सकाळच्या गोळ्या कोण, रात्रीच्या कोण, रक्त तपासायला कोण नेणार, सुरुवातीचे महिने त्या शहरात खोली घेऊन कोण राहणार, तेव्हा शेताकडे कोण बघणार, हे एका कागदावर नावानिशी लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. स्टँप पेपर लागत नाही. असा कागद समोर आला की 'हिला काय कळणार' हे वाक्य टेबलावर ठेवणं डॉक्टरांना जड जातं.

आणि हो, चार पानी पत्रात आईचं म्हणणं आहे, डॉक्टरांचं आहे, तुमचं आहे. तिचं कुठेय? २०१६ च्या कायद्याचं कलम १३ दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता मानतं. तिला चित्रं काढून, पोटावर हात ठेवून दाखवून, डायलिसिसच्या सुईशी तुलना करून सांगा. ती काय म्हणते ते पुढच्या डॉक्टरांना सांगा, जमलं तर तिलाच सांगू द्या, पण घाई करू नका. नव्या माणसापुढे ती लाजते हे तुम्हाला माहीत आहे, डॉक्टरांना नाही.

सहीचा प्रश्न वेगळा. ती १८ च्या पुढे आहे, त्यामुळे आई-वडिलांची सही आपोआप चालेल असं समजू नका. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली, जिल्हाधिकारी ज्या स्थानिक स्तर समितीत असतात तिच्याकडून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. अर्ज जळगावला करा. माझा सल्ला, पालकत्व आईच्या नावानं घेऊ नका, वडिलांच्या किंवा तुमच्या नावानं घ्या. देणारी आणि घेणारीच्या वतीनं सही करणारी एकच बाई असली की रुग्णालयाच्या समितीत नको ते प्रश्न निघतात. आई जवळच्या नातेवाईकांत मोडते, त्यामुळे नात्याचे पुरावे नीट असले की परक्या दात्याला परवानगी समितीपुढे जावं लागतं तसा फेरा तुम्हाला नाही. जन्मदाखला, शिधापत्रिका, आधार यांवर आईचं नाव एकसारखं आहे ना, हे मात्र आजच बघा. आपल्याकडे माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, यात महिने जातात.

आता त्या रुग्णालयाला एक अर्ज द्या. एक, आमचे सगळे वैद्यकीय कागद द्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत असा नियम डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. दोन, 'योग्य नाही' याचं वैद्यकीय कारण, ज्या तपासण्यांवरून ते ठरवलं त्यांसह, लेखी द्या. भाषा नरम ठेवा, कायद्याच्या कलमांची माळ लावू नका. अर्ज आवक शिक्का मारून घ्या, नाही मारला तर स्पीड पोस्टानं पाठवा. माझा अनुभव असा की लेखी कारण मागितलं की बऱ्याच ठिकाणी कारण सापडत नाही आणि रुग्णाला 'पुन्हा एकदा दाखवायला' बोलावणं येतं. बोलावलं तर जा. मानापमान नंतर बघू.

नाही बोलावलं तर दुसऱ्या रुग्णालयात जा, आणि तक्रार त्याच्या बरोबरीनं चालू द्या, आधी नको. तक्रार करायची पुण्याला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. सरकारी रुग्णालयाविरुद्ध हा कायदा जास्त पक्का चालतो, खासगीविरुद्ध थोडा झगडा आहे. पण प्रत्यारोपण करणाऱ्या खासगी रुग्णालयालाही त्यासाठी राज्याकडे नोंदणी करावी लागते, आणि महात्मा फुले योजनेत असेल तर सरकारशी करारही असतो. हे दोन्ही धागे तक्रारीत लिहा. दंडावर फार भिस्त ठेवू नका, पहिल्या वेळी तो दहा हजारांपर्यंतच आहे. मोठ्या रुग्णालयाला तो चहापाण्यात जातो. त्याच्या पुढे म्हणजे उच्च न्यायालय, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारसाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. जळगाव जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय आहे.

आईची तपासणी होईपर्यंत मेंदूमृत दात्याच्या यादीतही बहिणीचं नाव लावून ठेवा. नाव रुग्णालयामार्फतच लागतं. फेब्रुवारी २०२३ पासून केंद्रानं अधिवासाची अट काढायला सांगितली आहे आणि नोंदणीला फी घ्यायची नाही, त्यामुळे सुरत-अहमदाबादकडे नातेवाईक असतील तर तिकडेही विचारा. यादीतला क्रम ठरवताना डायलिसिसवर किती काळ काढला याला गुण असतात, लहान वयाला असतात. दिव्यांगत्वाला वजा गुण कुठेही नाहीत. पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयानं अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. रुग्णालय योजनेत आहे का, हे गाडीत बसण्याआधी विचारा.

तुमच्या आईला एक सांगा. अमेरिकेत सँड्रा जेन्सन नावाची बाई होती, तिलाही डाऊन सिंड्रोम. तिला हृदय आणि फुप्फुस दोन्ही हवे होते. १९९५ मध्ये दोन नामांकित केंद्रांनी नाही म्हटलं, कारण हेच : औषधोपचार तिला सांभाळता येणार नाहीत. लोकांनी आवाज उठवला, निर्णय फिरला आणि जानेवारी १९९६ मध्ये तिचं प्रत्यारोपण झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं असा भेदभाव बंद करणारा कायदा केला, नंतर तिकडच्या बऱ्याच राज्यांनी केला. तरी २०१९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय दिव्यांगत्व परिषदेला अहवाल लिहून सांगावं लागलं की भेदभाव चालूच आहे, आणि २०२४ मध्ये तिथल्याच केंद्र सरकारला नवा नियम करावा लागला. सँड्रा १९९७ मध्ये गेली. हे लपवून सांगू नका. अवयव मिळाला म्हणजे आयुष्य लिहून मिळालं असं कोणाचंच नसतं, धडधाकट माणसाचंही नाही. तिकडचा कायदा आपल्याकडे चालत नाही. पण 'असं कुठं होतं का' असं गावात कोणी म्हटलं, तर होतं, तीस वर्षांपासून होतं.

प्रश्न : थोरला मुलगा डायलिसिसवर आहे. मला आणि मंडळीला दोघांना शुगर, आमची किडनी चालणार नाही असं सांगितलं. धाकटा २२ वर्षांचा, गतिमंद आहे, तब्येतीनं ठणठणीत, रक्तगट जुळतो. त्याला काही कळत नाही, पण भावावर जीव आहे. पालक म्हणून मी सही करतो. चालेल का?
— एक वडील, नंदुरबार जिल्हा

उत्तर : नाही, बापू. तुमच्या सहीनं नाही, कलेक्टरच्या सहीनंही नाही. १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात साफ लिहिलं आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम व्यक्तीच्या शरीरातून ती जिवंत असताना प्रत्यारोपणासाठी अवयव काढता येणार नाही. पालकत्वाचं प्रमाणपत्र असलं तरी फरक पडत नाही. जो कोणी 'करून देतो, कागद बघून घेऊ' म्हणेल, त्याच्या दारातून तसेच मागे फिरा.

तुम्ही वाईट हेतूनं विचारलं नाहीत हे मला कळतं. एका पोराला वाचवायला दुसऱ्याकडे बघणं कोणत्याही बापाचं होईल. पण हे कलम आलं ते अशाच घरांसाठी, जिथे घरातल्या सगळ्यांत ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडे सगळ्यांची नजर आधी जाते. तो भावावर जीव टाकतो असं तुम्ही लिहिलंत आणि त्याच ओळीत त्याला काही कळत नाही असंही लिहिलंत.

दुसरे रस्ते आहेत. आजी-आजोबांनाही या कायद्यात जवळच्या नातेवाईकांत धरलं आहे, वयानं आणि तब्येतीनं बसत असतील तर. घरातल्या दुसऱ्या कोणाची किडनी चालण्यासारखी असून फक्त रक्तगट जुळत नसेल, तर अदलाबदल होते : त्यांची किडनी दुसऱ्या घरच्या रुग्णाला, त्या घरची तुमच्या मुलाला. तीही कायद्यात बसते. आणि यादीत नाव. शेत विकून बाहेरचा 'डोनर' आणायचं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड, देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि मधल्या माणसालाही.

जाता जाता, यावरून कोणी उलटा अर्थ काढू नये. डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही किंवा पाय माझ्यासारखा आहे, म्हणून अवयव देता येत नाही असं कायदा म्हणत नाही. स्वतः समजून हो म्हणणारा आणि तपासणीत बसणारा प्रौढ माणूस देऊ शकतो.

प्रश्न : रावेरला केळीच्या गाड्या भरायचं काम करायचो. आता डायलिसिसमुळे काम सुटलं. दिव्यांगाचं युडीआयडी कार्ड मिळेल का? प्रवासात सवलत हवी होती.

उत्तर : फक्त किडनी निकामी झाली म्हणून मिळणार नाही. २१ प्रकारांच्या यादीत किडनीचा आजार नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आहेत, पार्किन्सन आहे, किडनी राहिली. ती का राहिली हे मला आजवर पटलेलं नाही, पण नाही म्हणजे नाही. एजंट पैसे घेऊन कार्ड काढून देतो म्हणाला तर देऊ नका.

रेल्वेची सवलत मात्र किडनीच्या रुग्णांना स्वतंत्र आहे, तिला दिव्यांग कार्ड लागत नाही. डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला भाड्यात ७५ टक्के सूट, सोबतच्या एका माणसालाही. रेल्वेचा ठरलेला नमुना असतो, तो रुग्णालयातून डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानं भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर दाखवायचा. भुसावळला आरक्षण खिडकीवर नमुन्याची प्रत आधी मागून घ्या, नाहीतर रुग्णालयातले स्वतःच्या लेटरहेडवर लिहून देतात आणि तुम्हाला परत पाठवतात.